खेळांचे गुणपत्रक

गेल्या दिवाळीत आमचा नातू पुण्याहून आळंदला आला, तेव्हा त्याच्या पिशवीत एक वही होती. तीत त्याने स्वतः खेळलेल्या संगणकीय खेळांचे गुणपत्रक मांडले होते. चित्र, संगीत, कथा, नियंत्रण आणि नावीन्य असे पाच रकाने, प्रत्येकास दहा गुण आणि शेवटी पन्नासपैकी बेरीज. ‘आजोबा, तुम्ही जन्मभर आकडे तपासलेत, एवढे तपासून द्या’ असे म्हणून त्याने वही आमच्यापुढे ठेवली. ‘राजी’ या खेळास 37, ‘पेपर्स, प्लीज’ला 30 आणि ‘टेट्रिस’ला 26. बेरीज बिनचूक होती. निकाल मात्र आम्हांस पटेना. ‘टेट्रिस’ला कथेच्या रकान्यात शून्य मिळाले होते, आणि त्या एका शून्यामुळे जगभर चाळीस वर्षे खेळला गेलेला खेळ तळाशी गेला होता.

न खेळता मत देणे योग्य नव्हे, म्हणून नातवाने मागे ठेवलेल्या जुन्या लॅपटॉपवर आम्ही दोन महिने हे तिन्ही खेळ खेळलो. या वयात बोटे लवकर वळत नाहीत, ही अडचण वाचकांनी ध्यानात घ्यावी. तथापि त्या निमित्ताने जो विचार मनात आला, तो मंडळाच्या वाचकांपुढे ठेवावा असे वाटले. निरनिराळ्या जातींच्या खेळांना एकाच मापाने गुण देता येतात काय, हा तो प्रश्न होय.

गुण देण्याची ही चाल नातवाची नव्हे. जपानमध्ये 1986 साली निघालेल्या ‘फामित्सू’ या नियतकालिकाने चार परीक्षकांनी प्रत्येकी दहापैकी गुण द्यावेत आणि चाळीसपैकी बेरीज छापावी, अशी रीत रूढ केली. अमेरिकेत 2001 पासून ‘मेटाक्रिटिक’ने अनेक समीक्षकांचे गुण एकत्र करून, काहींना अधिक वजन देऊन, शंभरपैकी एकच आकडा काढण्यास आरंभ केला. पाहता पाहता हा आकडा ग्राहकापुरता राहिला नाही. 2010 साली ‘फॉलआउट : न्यू व्हेगास’ हा खेळ निघाला. मेटाक्रिटिकवर 85 गुण पडल्यास तो घडविणाऱ्या ‘ऑब्सिडियन’ संस्थेला प्रकाशकाकडून जादा मोबदला मिळावयाचा होता. गुण पडले 84. मोबदला मिळाला नाही. ही गोष्ट त्या खेळाच्या एका रचनाकाराने 2012 साली जाहीरपणे सांगितली. शंभरातील एका गुणाने खेळाची प्रत बदलली, असे कोणताही समीक्षक म्हणणार नाही. माणसांची कमाई मात्र बदलली.

आमच्या आळंद-उमरगा-अक्कलकोट पट्ट्यातील जत्रांत एकाच रात्री भजन, तमाशा आणि दुसऱ्या दिवशी कुस्त्या होतात. त्या पाहणारा प्रेक्षक एकच असतो. तो कन्नड बोलो, मराठी बोलो की दखनी. परंतु पैलवानाने चितपट केले की नाही हे तो पाहतो; भजन्याचा सूर लागला की नाही हे ऐकतो. भजनात कोण जिंकले, हे तो विचारीत नाही. प्रत्येक प्रकाराचा धर्म वेगळा आणि कसोटी त्या धर्मातूनच निघते, हे ज्ञान त्याला कुणी शिकविलेले नसते. बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ या 1955 सालच्या ग्रंथात हाच प्रश्न शास्त्राच्या पातळीवर हाताळला. संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे सर्व कलांना समान, परंतु प्रत्येक कलेचे माध्यम निराळे, अशी त्यांची मांडणी. त्यांच्यापुढे हे खेळ नव्हते. तरी त्यांचा प्रश्न येथे लावून पाहण्यास हरकत नसावी. खेळाचे माध्यम कोणते? चित्र नव्हे, कथाही नव्हे. ती उसनी आणता येतात. नियमांच्या चौकटीत खेळणाऱ्याच्या हातून घडणारी कृती, हे खेळाचे माध्यम होय, असे आम्हांस वाटते. नातवाच्या पाच रकान्यांत या कृतीला जागाच नव्हती. ‘नियंत्रण’ हा रकाना कळ नीट दाबली जाते की नाही, एवढेच विचारतो.

या दृष्टीने प्रथम ‘टेट्रिस’ पाहू. मॉस्कोतील विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजितनोव्ह यांनी 1984 साली तो रचला. चार चौकोनांच्या सात आकृती वरून पडतात. त्या फिरवून ओळ भरावयाची. भरलेली ओळ नाहीशी होते आणि चुका तेवढ्या साचत जातात. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीत मर्ढेकरांची तिन्ही तत्त्वे सापडतात. आकृती बसली की संवाद, न बसली की विरोध, आणि वेग वाढत असताना ढीग खाली राखण्याची धडपड म्हणजे समतोल. येथे कथा असती तर ती अडगळ झाली असती. कथेच्या रकान्यातील शून्य हा या खेळाचा दोष नाही. तो रकान्याचा दोष आहे. जुन्या टेट्रिसमध्ये शेवटी हार ठरलेलीच, असे मानले जाई. डिसेंबर 2023 मध्ये विलिस गिब्सन या तेरा वर्षांच्या अमेरिकन मुलाने निन्टेन्डोवरील जुना टेट्रिस इतका पुढे नेला की यंत्रच थिजले. त्याच्या खात्यावरील गुण खेळाने स्वतःच्या नियमांनी दिलेले होते. समीक्षकाचे गुण तसे नसतात. दोन्ही आकडेच, म्हणून आपण त्यांची गल्लत करतो.

‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेने घडविलेला खेळ 2020 साली प्रकाशित झाला आणि त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या पारितोषिकासाठी त्याचे नामांकन झाले. सर्कशीत कसरती करणारी राजी आपला धाकटा भाऊ गोलू याला असुरांच्या हातून सोडविण्यास निघते. दुर्गा आणि विष्णू वरून तिची वाटचाल न्याहाळतात आणि तिच्याविषयी परस्परांत बोलतात. राजस्थानी वास्तूंची आठवण देणारे वाडे, भिंतींवरील चित्रकथा, छायाबाहुल्यांच्या रूपात उलगडणारे प्रसंग, हे सारे पाहताना आमचे डोळे निवले. चित्राचे दहा गुण आम्हांसही मान्य आहेत.

परंतु हा कसरतीचा आणि झुंजीचा खेळ आहे. त्याची परीक्षा उडीत आणि वारात व्हावयास हवी. तेथे तो उणा पडतो. भिंतीवरून धावणे, खांबाला गिरकी घेऊन असुरावर तुटून पडणे या कल्पना कसरतपटू मुलीला शोभणाऱ्या आहेत; पण झुंजी लांबल्या की त्याच त्या हालचाली उरतात आणि हात कंटाळतो. शेवटही असा अकस्मात येतो की पुढची पाने फाटली असावीत. खेळ पुण्यात घडला, बोलला प्रथम इंग्रजीत आणि मागून हिंदीत. मराठीची आठवण आम्हांस राहून राहून आली. पण ती आमची हळहळ आहे, समीक्षा नव्हे. नातवाने 37 गुण दिले त्यात ‘आपल्याकडचा’ म्हणून थोडे औदार्य होते, हे त्याने नंतर कबूल केले. घरच्या कलावंताला सवलतीचे गुण देणे हा त्याचा गौरव नव्हे. त्याच्या पुढील कामाकडून आपली अपेक्षा नाही, असाच त्याचा अर्थ होतो.

तिसरा खेळ ‘पेपर्स, प्लीज’. लुकास पोप या एकट्या रचनाकाराने 2013 साली तो प्रसिद्ध केला. काळ 1982, देश ‘आर्स्टोट्झ्का’ नावाचा काल्पनिक, आणि खेळणारा सीमेवरील तपासनीस. समोर माणूस येतो, पारपत्र ठेवतो. तारीख, ठसा, छायाचित्र, परवाना पडताळून हिरवा किंवा तांबडा शिक्का मारावयाचा. नियम रोज बदलतात. मेज इतके अरुंद की कागदावर कागद चढतात. योग्य तपासलेल्या माणसागणिक मेहनताना. चुकांना आधी ताकीद, मग दंड. आणि रात्री भाडे, अन्न, ऊब आणि आजारी मुलाचे औषध यांत तो मेहनताना पुरवावयाचा. एक गृहस्थ सर्व कागद बरोबर घेऊन येतो आणि जाताना म्हणतो की माझ्यामागे माझी पत्नी आहे, तिच्यावर कृपा असू द्या. पत्नीकडे परवाना नसतो.

नातवाने या खेळास चित्राचे 3 गुण दिले. चित्रे ओबडधोबड आहेत, हे खरे. पण त्या करड्या, कोंदट चौकटीतच खेळाचा अर्थ आहे. तेथे करुणेलाही एक शिक्का लागतो आणि त्याचा दंड आपल्या मुलाच्या औषधातून जातो. ही गोष्ट कादंबरीत आपण वाचली असती. येथे ती आपल्या हातून घडते. म्हणून तिन्ही खेळांत आम्ही यास अग्रमान देऊ.

येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. त्या बाईच्या पारपत्रावर तांबडा शिक्का मारल्यावर आम्ही लॅपटॉप मिटला आणि तो दोन दिवस उघडला नाही. नोकरीत असताना एका कचेरीत आमच्या हाताखाली अभिलेखांचे काम पाहणारे एक सहायक होते. निजामी अमलातील जमिनीचे उर्दू कागद त्यांना वाचता येत. गावोगावचे म्हातारे त्यांच्याकडे येत आणि ते एकेक ओळ वाचून, समजावून सांगत. साहजिकच त्यांची प्रकरणे तुंबत. वार्षिक गोपनीय अहवालाच्या नमुन्यात निपटाऱ्याचा रकाना होता; कागद वाचून दाखविण्याचा नव्हता. आम्ही ‘सर्वसाधारण’ असा शेरा लिहिला, आणि दोन वर्षे लागोपाठ लिहिला. त्यांची बढती लांबली. नियमाप्रमाणे आमची चूक नव्हती. ते निवृत्त झाल्यावर त्या कचेरीत ते कागद वाचणारा कुणी उरला नाही, तेव्हा आम्ही कशाचे मोजमाप केले होते ते आम्हांस कळले.

म्हणून गुण देऊच नयेत काय? असे आमचे म्हणणे नाही. कचेरीत, शाळेत, स्पर्धेत आकडा लागतोच, आणि मुलाचा वेळ व बापाचा पैसा खर्च होणार असेल तर कोणता खेळ घ्यावा हे कुणीतरी सांगावयासच हवे. आमचे म्हणणे एवढेच की गुण हा निर्णयाचा सारांश असावा, त्याचा पर्याय होऊ नये. आधी खेळाची जात ओळखावी. त्या जातीत त्याने कोणते वचन दिले आणि ते पाळले काय, हे पाहावे. हातून घडणाऱ्या कृतीत त्याचा अर्थ उतरला आहे काय, हे पाहावे. आणि यंत्र बंद केल्यावर आपल्यापाशी काय राहिले, हे स्वतःला विचारावे. या तीन प्रश्नांची उत्तरे वाक्यांत लिहिल्यावर खाली आकडा लिहावा. एका जातीचा आकडा दुसरीच्या आकड्याशी लावू नये, आणि न जुळणाऱ्या गोष्टींची बेरीज करू नये.

वही परत करताना आम्ही बेरजेचा रकाना तसाच ठेवला. त्याच्या शेजारी ‘शेरा’ असा एक नवा रकाना आखून दिला. नातू म्हणाला, ‘आजोबा, यात फार लिहावे लागेल.’ लागेल खरेच. आमच्या अहवालांतही तेवढेच लिहावयाचे राहून गेले होते.