‘आज नाही’ म्हणणारी खानावळ
रायगडच्या किनाऱ्यावरील एका दिवसाच्या सहलीतील जेवणाची चिकित्सा

अलिबाग, नागाव, काशीद, मुरूड, दिवेआगर, हरिहरेश्वर. मुंबई-पुण्याच्या माणसाने एका दिवसाच्या सहलीसाठी यांतले कोणतेही नाव घेतले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘समुद्रासमोर बसून चांगले जेवायला कुठे मिळेल?’ या प्रश्नात समुद्र दिसणे आणि चांगले जेवण मिळणे या दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत. रायगडच्या किनाऱ्यावर त्या एका छपराखाली क्वचितच भेटतात. त्या का भेटत नाहीत आणि मग चांगली जागा ओळखायची कशी, याची तपासणी या लेखात करायची आहे. गेली काही वर्षे वेगवेगळ्या महिन्यांत या पट्ट्यात जेवताना मी हॉटेलांचे फळे वाचले, बंदरांवर मासळीचे लिलाव पाहिले, खानावळी चालवणाऱ्या बायकांशी बोलले. त्यातून जी एक कसोटी हाती लागली, तीच पुढे मांडते आहे.

समुद्राकडे पाठ केलेली गावे

थळ-किहीमपासून रेवदंड्यापर्यंतच्या पट्ट्याला अष्टागर म्हणतात. इथल्या गावांची मांडणी नीट पाहिली तर आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. आधी रस्ता, मग घर, घरामागे नारळी-पोफळीची वाडी, वाडीच्या पलीकडे सुरूचे बन, त्यानंतर पुळण आणि मग समुद्र. खारा वारा आणि पावसाळ्यातले तुफान अंगावर घेण्याचे काम वाडीने करायचे आणि माणसाने तिच्या आडोशाला राहायचे, अशी ही रीत. नागाव-आक्षीच्या जुन्या घरांच्या ओटीवरून समुद्र ऐकू येतो, दिसत नाही. कोळीवाडे पाण्याला लागून असतात खरे; पण तिथला किनारा म्हणजे कामाची जागा. तिथे जाळी तुणली जातात, बोंबील वाळत घातले जातात, होड्यांची डागडुजी चालते. समुद्राकडे तोंड करून ताट मांडावे, ही गरज ना वाडीवाल्याला होती ना कोळ्याला.

त्यावर कायद्याचीही रेघ आली. 1991 च्या किनारा नियमन अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मज्जाव केला. 2019 च्या नव्या अधिसूचनेने काही ठिकाणी हे अंतर कमी केले आणि तात्पुरत्या पर्यटन-सुविधांना वाट दिली. 2020 मध्ये राज्य सरकारने किनाऱ्यांवर कुट्या उभारण्याचे धोरण आणले. त्यासाठी निवडलेल्या आठ किनाऱ्यांत रायगडचे वरसोली आणि दिवेआगर होते. नमुना अर्थातच गोव्याचा. म्हणजे समुद्रासमोरचे जेवण ही इथे बाहेरून आलेली, अजून रुजू पाहणारी गोष्ट आहे.

इथे रुजलेली गोष्ट घरगुती खानावळ ही आहे आणि तिच्या वाढीचे कारण दर वेळी समुद्रच होता असे नाही. दिवेआगर हे याचे चांगले उदाहरण. 1997 मध्ये तिथल्या पोफळीच्या बागेत सोन्याचा गणपती सापडला आणि गावाकडे भाविकांची रीघ लागली. आलेल्या माणसाला जेवू घालायचे तर हॉटेल नव्हते, घर होते. सकाळी ‘इतकी पाने’ असे सांगून जायचे, दर्शन आणि समुद्र करून यायचे, आणि पडवीत बसून वरण-भात, वालाचे बिरडे, उकडीचे मोदक जेवायचे. 2012 मध्ये दोन पहारेकऱ्यांचा खून करून चोरांनी ती मूर्ती पळवली, तेव्हा गावाच्या श्रद्धेबरोबर या ताटांवरही घाला पडला. 2021 मध्ये नव्या मूर्तीची प्रतिष्ठापना झाली. त्याच्या आदल्या वर्षी, 3 जून 2020 ला, निसर्ग चक्रीवादळाने याच पट्ट्यातल्या वाड्या आडव्या केल्या होत्या. पोफळ लावल्यावर सुपारी धरायला पाच-सात वर्षे जातात. मधल्या काळात अनेक घरांना दोन खोल्या आणि एक चूल यांचाच आधार उरला. आपण ज्या ताटाला ‘कोकणातले साधे जेवण’ म्हणतो, ते काही घरांचे वर्षाचे उत्पन्न असते. त्याची चिकित्सा करताना हे विसरून चालत नाही.

फळ्यावरची सुरमई

आता समुद्र दिसणाऱ्या जागांकडे वळू. त्यांच्या फळ्यावर बारा महिने तीच नावे असतात : सुरमई, पापलेट, कोळंबी. शेजारी दराच्या जागी ‘साइजप्रमाणे’. वर पाटी ‘अस्सल मालवणी’.

पाटीपासून सुरुवात करू. मालवण इथून दोन जिल्हे खाली आहे. रायगडच्या किनाऱ्याचे रांधणे मुख्यतः आगरी आणि कोळी घरांचे. उन्हाळ्यात डब्बे भरून ठेवलेला लाल मसाला, ठेचलेला लसूण, चिंच किंवा कैरी आणि पातळ, झणझणीत कालवण ही त्याची ओळख. मालवणी रश्शाचा जीव ओल्या खोबऱ्याच्या वाटपात असतो. कोळ्याचे कालवण बऱ्याचदा खोबऱ्यावाचून होते. मुंबईत मालवणी हॉटेलांनी नाव कमावले, म्हणून रायगडच्या हॉटेलवाल्याने तीच पाटी लावली. यात फसवणूक कमी आणि न्यूनगंड जास्त आहे. पण परिणाम असा की अलिबागला येऊन माणूस दादरला मिळते तेच जेवतो आणि अलिबागची चव न घेताच परततो.

फळ्यावरच्या माशांचे प्रकरण याहून गंभीर आहे. 1 जून ते 31 जुलै यंत्रचलित नौकांना मासेमारी बंद असते. बंदरात होड्या शाकारून ठेवलेल्या दिसतात आणि शंभर पावलांवर हॉटेलात ‘ताजी सुरमई’ मिळत असते. ती येते कुठून? पूर्व किनाऱ्यावरची बंदी 15 एप्रिलला सुरू होऊन 14 जूनला संपते. म्हणजे जुलैत रायगडात मिळणारी सुरमई फार तर बंगालच्या उपसागराकडून बर्फात आलेली असू शकते, नाहीतर शीतगृहातली. एका जुलैत काशीदच्या वाटेवरच्या, काचेतून लाटा दिसणाऱ्या एका हॉटेलात मी अशी तुकडी खाल्ली आहे. बाहेर रव्याचा कुरकुरीत थर, आत कापसासारखे कोरडे मांस. बर्फातला मासा खाणे हा गुन्हा नाही. तो समुद्राच्या साक्षीने ताजा म्हणून वाढणे ही मात्र समुद्राच्या नावावर केलेली उधारी आहे.

पापलेटचा हट्ट तर आणखी महाग पडतो. 2023 मध्ये महाराष्ट्राने रुपेरी पापलेटला राज्यमासा घोषित केले, ते त्याची आवक घटत चालल्याच्या काळजीतून. ‘साइजप्रमाणे’ या शब्दामागे एक लहान साइजही असते. तळहातापेक्षा लहान पापलेट ‘थाळीत बसते’ म्हणून विकले जाते, तेव्हा अंडी घालण्याआधीच मासा संपतो. ही मागणी कोळ्याने निर्माण केलेली नाही. तीन नावांपलीकडे न जाणाऱ्या गिऱ्हाइकाने, म्हणजे आपण, ती केली आहे.

तिथी आणि ताट

या किनाऱ्यावर एक जुना हिशेब आहे. त्या दिवसाची तिथी घ्यावी आणि तिला पाऊणने गुणावे; येणारा आकडा म्हणजे साधारण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते, तेव्हा सहलीला निघणाऱ्याने हा हिशेब करावाच. पण तो जेवणालाही लागू पडतो. समुद्रासमोर बसायच्या हट्टाने अष्टमीच्या दुपारी बारा-साडेबाराला गेलात तर ऐन ओहोटी. पाणी दूर गेलेले आणि समोर ओला चिखलट किनारा. याउलट भाऊबीज द्वितीयेची, म्हणजे दुपारी दीडच्या सुमारास भरती. दिवाळीच्या सुटीत येणाऱ्याला जेवणाच्या वेळी समुद्र दिसतो, तो असा पंचांगाच्या कृपेने.

तिथी ताटातही उतरते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते आणि प्रवाहाला जोर असतो. खुंटांना बांधलेली डोल जाळी याच जोरावर चालतात. त्या दिवसांत बोंबील, जवळा, करंदी चांगली मिळते. अष्टमीच्या आगेमागे भांग पडतो, प्रवाह मंदावतो आणि जाळी दुरुस्तीला निघतात. नारळी पौर्णिमेनंतरच्या महिन्यांतले ओले बोंबील, थंडीतली वालाच्या शेंगांची पोपटी, भातानंतर घेतलेल्या पांढऱ्या कांद्याच्या उन्हाळ्यात दिसणाऱ्या वेण्या, ऐन पावसात खाडीतल्या चिंबोऱ्या : इथले जेवण असे महिन्यांनी बांधलेले आहे. आणि ज्याला ‘मोठा मासा’च हवा त्याच्यासाठी जिताडा आहे. पेण-अलिबागच्या खारेपाटात हा घराजवळच्या तळ्यांत वाढवतात. साहेबाची मर्जी राखायला जिताडा पोहोचवण्याचे किस्से या भागात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जातात. समुद्र बंद असतानाही हा मासा इथलाच असू शकतो. पण फळ्यावर त्याचे नाव क्वचित दिसते, कारण गिऱ्हाईक ते विचारत नाही.

कसोटी

मग चांगली जागा ओळखायची कशी? समुद्र दिसतो का, पाटीवर काय लिहिले आहे, पंगत किती मोठी आहे, यांतले काहीच पुरेसे नाही. ‘घरगुती’ ही पाटीही आता उपयोगाची उरलेली नाही. साठ माणसांची व्यवस्था असलेली हॉटेलेही ती लावतात. जुन्या लोकांना अलिबागेत मासे कुठे खावेत असे विचारले तर त्यांच्या तोंडी गावातल्या सनमानचे नाव येते. तिथून समुद्र दिसत नाही, आणि कोणी तशी तक्रारही करत नाही.

माझी कसोटी एवढीच आहे की जिथे ‘आज नाही’ हे उत्तर मिळते, तिथे बसावे. समुद्र रोज काही देतो आणि काही नाकारतो. ज्या चुलीचा त्याच्याशी खरा संबंध आहे, तिला हा नकार गिऱ्हाइकापर्यंत पोहोचवावाच लागतो. नागावच्या एका वाडीत, भांगाच्या दिवसांत, मी पापलेट विचारले. बाईंनी मान हलवली. ‘पापलेट नाय आज. मांदेली हायेत, नि सुकटीची चटणी. चालंल?’ मांदेली कुरकुरीत तळून आली, सोबत तांदळाची गरम भाकरी आणि चिंचेचे कालवण. फळा नव्हता, समुद्र दिसत नव्हता. पण त्या दिवशी किनाऱ्यावर काय होते ते ताटात होते.

ही कसोटी खानावळीलाही लावायला हवी. केवळ घर आहे म्हणून तिला सूट नको. अनेक खानावळींनी हॉटेलांची नक्कल करून तीच सुरमई थाळी चालू केली आहे. रश्शाला बाजारी रंग येतो, सोलकढी पुडीतून येते. दर आधी सांगितला जात नाही आणि जेवण झाल्यावर दोघांनाही संकोच वाटतो. पाटीवर नाव घरधन्याचे असते आणि पहाटे बाजार करून दुपारी तीनपर्यंत चुलीपुढे असते ती बाई पाटीवर नसते. ‘नाही’ म्हणण्याचे बळ तिच्याकडे असावे असे वाटत असेल तर तिला आदल्या दिवशी सांगणे, आलेली पाने न रद्द करणे आणि दर आधी विचारून घासाघीस न करणे, एवढे गिऱ्हाइकाकडून व्हायला हवे. आगाऊ सांगितलेल्या पानांवरच तिचा बाजार ठरतो. ऐन वेळी आलेल्या दहा जणांसाठी तिला बर्फातली सुरमईच परवडते.

एका दिवसाच्या हिशेबातही हे बसते. गेटवेहून मांडव्याला बोटीने तासाभरात पोहोचता येते. तिकिटातच अलिबागपर्यंतची बस असते. (पावसाळ्यात या बोटी बंद असतात, भाऊच्या धक्क्यावरून 2020 पासून रो-रो आहे.) जेवण वाडीत, समुद्र जेवणानंतर, असे दोन भाग केले की दोन्ही चांगले मिळतात. पुळणीवर शहाळे किंवा चहा-भजी घ्यावीत. मांडव्याच्या जेट्टीवर बोटीची वाट पाहताना पाण्याकाठी बसून काही खावे. ती जागा त्यासाठी उत्तम आहे. मुरूड-दिवेआगर मात्र बोटीने येऊन एका दिवसात ओढून नेऊ नये. तिथले जेवण घाईत जेवण्याचे नाही.

पुढे काय

12 जानेवारी 2024 ला अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि रायगड मुंबईला आणखी चिकटला. कारंजा-रेवस पूल झाला की अष्टागर दक्षिण मुंबईच्या जेवणाच्या वेळेच्या अंतरात येईल. गर्दी वाढेल, तशा समुद्र दाखवणाऱ्या जागाही वाढतील. त्यांना माझा विरोध नाही. वरसोलीच्या कुटीत बसून कोणी बोंबील खाल्ले आणि ते त्याच बंदरातले असले, तर ती कुटी माझ्या कसोटीला उतरलीच. भीती वेगळी आहे. समुद्र विकत घेता येतो असे वाटणाऱ्या गिऱ्हाइकाला कोणीच ‘नाही’ म्हणणार नाही, आणि मग मांदेली, करंदी, चिंबोऱ्या, जिताडा रांधायची सवय असलेले हातही हळूहळू सुरमईच तळू लागतील. एकदा चुलीवरून उतरलेला पदार्थ परत चढवणे कठीण असते, कारण तो कागदावर कुठे लिहिलेला नसतो.

या दिवाळीत किनाऱ्याकडे निघालात तर आदल्या संध्याकाळी खानावळीला फोन करा. ‘सुरमई आहे का?’ असे विचारू नका. ‘उद्या काय मिळेल?’ असे विचारा. उत्तर यायला जरा वेळ लागला, ‘सकाळी बंदरावर बघून सांगते’ असे पलीकडून आले, तर पाने सांगून टाका.