गॅसबत्तीखालचा जब्या

सोलापुरात रात्री लग्नाची वरात निघाली की रस्त्याच्या दोन्ही कडांनी दिव्यांची रांग चालते. हल्ली एलईडीचे दिवे असतात, मागे जनरेटरचा गाडा, आणि एका दिव्यापासून दुसऱ्यापर्यंत लोंबणारी वायर. त्या वायरीमुळे दिवे धरणाऱ्यांना एकाच चालीनं चालावं लागतं. वरात नाचायला थांबली की तेही जागच्या जागी थांबतात. पूर्वी तिथं गॅसबत्ती असायची, पंप मारलेली, सूं सूं करणारी. उजेड सगळा नाचणाऱ्यांवर पडतो. दिवा धरणाऱ्याच्या तोंडाकडे बघायला मला ‘फँड्री’ या मराठी सिनेमानं शिकवलं.

‘फँड्री’बद्दल पुन्हा लिहावंसं वाटलं ते एका परक्या सिनेमामुळे. कॅमेरन क्रो यांचा २००० सालचा ‘ऑलमोस्ट फेमस’. १९७३ साल. पंधरा वर्षांचा विल्यम मिलर ‘रोलिंग स्टोन’ मासिकासाठी लिहायला स्टिलवॉटर नावाच्या काल्पनिक रॉक बँडबरोबर गावोगाव हिंडतो. स्वतः क्रो त्याच कोवळ्या वयात या मासिकासाठी लिहीत होते, त्यामुळे गोष्ट बरीचशी त्यांचीच. घर सोडून जाणारी बहीण पलंगाखाली रेकॉर्डची पिशवी ठेवून जाते, आणि ती उघडून एकेक कव्हर चाळताना त्या पोराचा चेहरा बदलत जातो.

या सिनेमातला मला सर्वांत प्रिय प्रसंग दारातला आहे. विल्यम स्टेजच्या मागच्या दाराशी उभा आहे. यादीत नाव नाही म्हणून दारवाला आत सोडत नाही. एवढ्यात स्टिलवॉटरची मंडळी येतात. हा पत्रकार म्हणजे शत्रू, असं म्हणून तीही त्याला झटकतात. मग विल्यम एकेकाला नावानं ओळखून त्यांच्या वाजवण्याबद्दल, गाण्यांबद्दल बोलू लागतो. त्यानं खरंच कान देऊन ऐकलंय हे कळताच ते त्याला बरोबर आत ओढून नेतात. त्या दारावर त्याचं ऐकणंच पास म्हणून चालतं. मला हे फार सुंदर वाटतं, आणि ते पाहताना दर वेळी ‘फँड्री’तला जब्या आठवतो.

‘फँड्री’ १४ फेब्रुवारी २०१४ ला प्रदर्शित झाला. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, म्हणजे आमच्या जिल्ह्यातले. या पहिल्याच मोठ्या चित्रपटाला पदार्पणातल्या दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि जब्या झालेल्या सोमनाथ अवघडेला बालकलाकाराचा. जब्या कैकाडी समाजातला शाळकरी पोरगा. वर्गातली शालू त्याला आवडते. काळ्या चिमणीची राख तिच्यावर टाकली की ती आपली होईल, या विश्वासानं तो माळावर गलोल घेऊन फिरतो. गावात त्याच्या घराला मात्र डुकरं धरायला बोलावतात.

आणि मग जत्रा येते. हलगी कडाडते. गर्दीत जब्या नाचतो आणि तेवढा वेळ तो कुणाच्याही घरचा पोरगा असू शकतो. पण मिरवणुकीत त्याच्या डोक्यावर गॅसबत्ती येते. ठेका तोच, गर्दी तीच, शालूही तिथंच. बदलली ती फक्त जब्याची जागा. तो आता संगीताच्या कडेला उभा आहे आणि त्याच्याच डोक्यावरच्या उजेडात बाकीचं गाव नाचतंय. यादीत नाव नसलेला हा दुसरा पोरगा. त्याला ठेका किती कळतो याची इथं चौकशीच नाही, कारण इथली यादी जन्माआधीच लिहून झालेली असते. हा प्रसंग मंजुळे भाषणाशिवाय उभा करतात. एक जड दिवा आणि त्याखाली मान ताठ धरून उभं राहिलेलं पोर, एवढंच. बाबासाहेब, फुले, सावित्रीबाई यांची चित्रं असलेल्या भिंतीसमोरून डुक्कर वाहून नेण्याच्या दृश्याबद्दल खूप लिहिलं गेलं, आणि ते योग्यच आहे. माझ्या मते मात्र सिनेमाचा कणा या गॅसबत्तीत आहे. शेवटी कॅमेऱ्याच्या दिशेनं जो दगड येतो, तो धरायला हात इथूनच वळायला लागतो.

अजय-अतुल यांचं गाजलेलं गाणं केवळ जाहिरातीसाठी होतं, चित्रपटात ते नाही. हा निर्णय मला मोलाचा वाटतो. गाण्यानं जब्याला दोन मिनिटं का होईना मोकळं केलं असतं, आणि आपल्यालाही. ‘ऑलमोस्ट फेमस’मध्ये रुसलेला बँड बसमध्ये एल्टन जॉनचं गाणं म्हणता म्हणता एक होतो. जब्याच्या गावात तशी बस नाही.

हलगी आधी जाळावर शेकतात. कातडं ताणलं की एका हातात टिपरू आणि दुसऱ्यात बारीक काडी, आणि मग तो कोरडा, छातीत बसणारा आवाज. सोमनाथ करमाळ्याजवळच्या केमचा. मंजुळे यांच्या नजरेत तो भरला तो हलगी वाजवताना. हे कळल्यानंतर मी जत्रेचा तो प्रसंग पुन्हा लावला. टिपरू कुठं पडायला हवं हे ज्या हातांना नेमकं ठाऊक आहे, ते हात डोक्यावरची गॅसबत्ती सावरत होते.