आवाज गेल्यावर : सचेतनपटातील दिवंगत आवाजांचा शोक आणि समीक्षेपुढील प्रश्न

१

नटाच्या निधनानंतर लिहिल्या जाणाऱ्या मराठी मृत्युलेखाची एक रूढ घडण आहे. प्रारंभीची उमेदवारी, गाजलेल्या भूमिका, मानसन्मान आणि अखेरीस एखादी व्यक्तिगत आठवण, असा त्याचा क्रम असतो. ६ जानेवारी २०१७ रोजी ओम पुरी यांचे आणि २९ एप्रिल २०२० रोजी इरफान खान यांचे निधन झाले, तेव्हाही बहुतेक लेखन याच घडणीत झाले. 'अर्धसत्य' (१९८३) किंवा 'पानसिंग तोमर' (२०१२) यांविषयी विस्ताराने लिहिले गेले आणि ते योग्यच होते. परंतु २०१६ साली प्रदर्शित झालेल्या 'द जंगल बुक'च्या हिंदी आवृत्तीत बगीराला ओम पुरींचा आणि भालूला इरफान यांचा आवाज होता, ही गोष्ट आलीच तर एखाद्या उपवाक्यात आली. या चित्रपटात मोगली तेवढा हाडामांसाचा. जंगल आणि जनावरे संगणकाने घडविलेली. तेथे नटाचा चेहरा नव्हता, म्हणून जणू नटही नव्हता, असे आपण गृहीत धरले.

काही दिवसांपूर्वी वर्गात या विषयाची चर्चा निघाली असता २०१६ साली शाळेत असलेला एक पदव्युत्तर विद्यार्थी म्हणाला, "सर, इरफान गेले तेव्हा मला भालू गेल्यासारखं वाटलं. पण भालू तर अजून तसाच आहे." या साध्या विधानात एक सैद्धान्तिक पेच आहे. जो गेला त्याला या मुलाने कधी पाहिले नव्हते आणि ज्याला पाहिले होते तो गेलेला नाही. मग हा शोक नेमका कोणाचा? रसचर्चेच्या परिभाषेत विचारायचे तर या शोकाचे आलंबन कोणते? प्रस्तुत लेखाचा विषय हा पेच आहे. असा शोक खरा असतो, तो आवाजाशी आणि म्हणून भाषेशी बांधलेला असतो, आणि त्याला न्याय द्यायचा तर समीक्षेने आवाजाचे वर्णन करायला शिकले पाहिजे, अशी येथील भूमिका आहे.

२

सचेतनपटातील पात्र दोन कलाव्यवहारांतून उभे राहते. अंगविक्षेप, चालणे, डोळ्यांची उघडझाप हे सारे चित्रकार घडवितो. वाणी नट देतो. भरताने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले. येथे आंगिक आणि आहार्य एकाच्या हाती, तर वाचिक दुसऱ्याच्या हाती जाते. वाणी हे नाट्याचे शरीर होय असे मानणाऱ्या भरताला ही वाटणी चमत्कारिक वाटली असती. तथापि तिचे परिणाम त्याच्याच परिभाषेत नीट समजून घेता येतात.

या वाटणीतही एक भेद आहे. अमेरिकेतील मोठ्या चित्रसंस्थांमध्ये सामान्यतः आवाज आधी मुद्रित होतो आणि चित्रे त्याच्या अनुरोधाने काढली जातात. तेथे नटाचा श्वास, त्याचे अडखळणे, त्याचे हसणे चित्रकाराला दिशा देते. डबिंगमध्ये हा क्रम उलटतो. चित्र पूर्ण झालेले असते, ओठांच्या हालचाली ठरलेल्या असतात, आणि तेवढ्याच कालावकाशात वेगळ्या भाषेतील वाक्य बसवायचे असते. आपल्या परंपरेतील परकायाप्रवेशाची कल्पना येथे चपखल लागू पडते. अमरू राजाच्या देहात शिरलेल्या शंकराचार्यांच्या आख्यायिकेप्रमाणे डबिंग करणारा नट दुसऱ्याने घडविलेल्या देहात शिरतो, त्या देहाचे नियम पाळतो आणि तरीही त्याला स्वतःचे चैतन्य देतो. देह त्याचा नसल्यामुळे तो गेल्यावरही देह राहतो. विद्यार्थ्याचा भालू 'अजून तसाच' आहे तो या अर्थाने.

या देहात मागाहून दुसराही प्रवेश करू शकतो. युगो साको, राम मोहन आणि कोइची सासाकी यांनी दिग्दर्शित केलेला भारत-जपान सहनिर्मित रामायणावरील सचेतनपट १९९२ साली पूर्ण झाला. त्याच्या हिंदी आवृत्तीत रामाला अरुण गोविल यांचा, तर रावणाला अमरीश पुरी यांचा आवाज होता. अमरीश पुरी १२ जानेवारी २००५ रोजी गेले. साको २०१२ मध्ये आणि राम मोहन २०१९ मध्ये गेले. जानेवारी २०२५ मध्ये हा चित्रपट भारतातील चित्रगृहांत पुन्हा आला तो नव्या हिंदी ध्वनिमुद्रणासह. चित्रे तीच होती, रावणाची दहा मुखे तीच होती; त्यांतून येणारा आवाज मात्र वेगळा होता. दिग्दर्शकांच्या मागे त्यांची रेषा राहिली, पण नटाचा आवाज त्या रेषेवरून उचलून बाजूला ठेवता आला. पडद्यावर दिसणाऱ्या नटाच्या वाट्याला असे सहसा येत नाही. आवाजाच्या कलावंताचा मृत्यू दोनदा होऊ शकतो, आणि दुसऱ्या वेळी मृत्युलेखही लिहिला जात नाही.

३

शोक चित्राशी नव्हे, आवाजाशी बांधलेला असतो, याचे प्रमाण एका जपानी उदाहरणात मिळते. नोबुयो ओयामा यांनी १९७९ पासून २००५ पर्यंत डोरेमॉनला आवाज दिला. २९ सप्टेंबर २०२४ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. जपानमधील दोन पिढ्यांच्या दृष्टीने हा बालपणाचा एक तुकडा निखळण्याचा प्रसंग होता. महाराष्ट्रातील मुलांनीही डोरेमॉनवर तितकेच प्रेम केले. पण त्यांनी ऐकलेला डोरेमॉन हिंदीत बोलत होता. त्याचा आवाज निराळ्या कलावंताचा होता. ओयामा यांच्या निधनाची वार्ता या मुलांसाठी एका अपरिचित व्यक्तीची वार्ता ठरली. निळे मांजर तेच असूनही शोक करणारा समाज बदलला. शोकाचे कारण चित्रात असते तर तो सीमा ओलांडून आला असता. तो आला नाही, कारण ते कारण आवाजात होते आणि आवाज एका भाषेचा होता.

रोलां बार्थ यांनी १९७२ साली गायनाच्या संदर्भात आवाजातील 'कणा'ची, म्हणजे भाषेतून जाणवणाऱ्या देहाच्या पोताची, कल्पना मांडली. 'लेखकाचा मृत्यू' घोषित करणाऱ्या याच बार्थना आवाजातील देह मात्र सोडता आला नाही, हे लक्षणीय आहे. मिशेल शियाँ या फ्रेंच अभ्यासकाने १९८२ साली चित्रपटातील अदृश्य वक्त्याला 'आकूस्मेत्र' अशी संज्ञा दिली. ज्याचा उगम दिसत नाही असा आवाज सर्वव्यापी भासतो आणि उगम दिसताच त्याची ती शक्ती ओसरते, असे त्याचे निरीक्षण आहे. सचेतनपटातील नटाच्या बाबतीत हा उगम पुष्कळदा मृत्यूच्या बातमीतच दिसतो. छायाचित्र छापून येते आणि आपण म्हणतो, 'अरे, हा होता तर तो!' ओळख आणि वियोग एकाच क्षणी घडतात. परिचित व्यक्तीच्या मृत्यूवर शोक करण्याची रीत आपल्याला ठाऊक आहे. मृत्यूमुळेच जिचा परिचय झाला तिच्यासाठी कोणती रीत?

४

येथे स्थळाचा उल्लेख आवश्यक आहे. प्रस्तुत लेखकाचे बालपण सोनाळ्यात गेले. बुलडाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातले हे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. उत्तरेला अंबाबरव्याचे जंगल सुरू होते. किपलिंगच्या १८९४ सालच्या 'जंगल बुक'मधील सिवनी याच सातपुड्याच्या रांगांत, पूर्वेकडे आहे. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगलीची जपानी मालिका हिंदीतून येऊ लागली, तेव्हा आळीतली मुले एका घरच्या दूरचित्रवाणी संचासमोर दाटीवाटीने बसत. त्यातील शेरखानला नाना पाटेकर यांचा आवाज होता आणि सोमवारी शाळेत त्याची नक्कल होई. नानांचे नाव सर्वांना ठाऊक होते, कारण त्यांचा चेहरा ठाऊक होता. उरलेल्या जनावरांचे आवाजही आम्हांला पाठ होते; पण त्या आवाजांना नावे असतात हे कोणाच्या मनात आले नाही. ज्यांचे नाव कधी घेतले नाही त्यांच्या जाण्याची दखल तरी कशी घेणार?

आणखी एक विसंगती तेव्हा जाणवली नाही, ती आज जाणवते. वडीलधारी माणसे रानातल्या अस्वलाविषयी आणि बिबट्याविषयी वऱ्हाडीत बोलत. तीच जनावरे पडद्यावर आली की हिंदी बोलू लागत. २०१६ च्या चित्रपटात तर इरफान यांचा भालू पंजाबी वळणाची हिंदी बोलतो. तो अतिशय लोभस आहे, यात वाद नाही. परंतु तो चित्रपट भारतात इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू या चार भाषांत प्रदर्शित झाला, मराठीत नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या मुलाला सातपुड्यातले अस्वल त्याच्या भाषेत भेटले नाही.

शोक आणि विषण्णता यांतील भेद सांगताना फ्रॉइड यांनी १९१७ सालच्या निबंधात असे सुचविले आहे की, विषण्ण माणसाला आपण कोणाला गमावले हे कळते, पण त्या व्यक्तीबरोबर काय गमावले हे कळत नाही. मराठी प्रेक्षकाची स्थिती काहीशी अशीच आहे. आपण इरफान यांना गमावले हे कळते. त्या आवाजावर आपण एवढे विसंबलो, याचे एक कारण आपल्या भाषेत असा आवाज घडलाच नाही, हे कळत नाही. अलीकडे काही बालवाहिन्यांनी मराठी ध्वनिमार्गही दिला आहे. तो घडवणारे कलावंत कोण, हे विचारण्याची सवय मात्र आपल्याला लागलेली नाही.

वस्तुतः चित्राला वा मुक्या प्राण्याला आवाज देणे मराठी परंपरेला नवे नाही. पिंगुळीच्या ठाकर समाजातील चित्रकथीकार पोथीतील एकेक चित्र पुढे करीत राम, रावण, मारुती यांचे संवाद आपल्याच कंठातून वठवितो. गावोगाव फिरणारा नंदीबैलवाला प्रश्नही विचारतो आणि बैलाच्या मान हलविण्याला अर्थही देतो. या कलावंतांना आपण 'लोककला' या सदरात घातले, सचेतनपटाला 'बालरंजन' या सदरात. आणि दोहोंमधील वाचिकाचा धागा तोडून टाकला.

५

मग समीक्षेने करायचे काय? पहिली गोष्ट म्हणजे 'भारदस्त', 'खर्जातला', 'जादुई' या विशेषणांवर थांबू नये. त्यांतून आपली पसंती कळते, आवाज कळत नाही. भरताने वाणीची उर, कंठ आणि शिर अशी तीन स्थाने सांगितली. उच्च, दीप्त, मंद्र, नीच, द्रुत आणि विलंबित असे पाठ्याचे सहा अलंकार सांगितले. काकूचा, म्हणजे सुराच्या वळणाने अर्थ बदलण्याचा, विचार केला. ही सामग्री आपण परीक्षेपुरती शिकवितो. ती वापरून पाहावी.

ओम पुरींचा बगीरा उरस्थानातून बोलतो. त्याचा पाठ मंद्र आणि विलंबित आहे. आज्ञा देतानाही तो सूर चढवीत नाही. वाक्याच्या अखेरीस घशातील खरखर तेवढी वाढते. त्यामुळे शिस्तीमागची काळजी शब्दांत न येता आवाजात येते. इरफान यांच्या भालूची काकू नेमकी याच्या उलट चालते. वाक्य विनंतीचे असते, पण सुरात लबाडी असते. अखेरचा स्वर लांबवून तो ऐकणाऱ्याला आपल्या बाजूला ओढतो. हे दोन पाठ समोरासमोर आले की मोगलीपुढचा पेच ऐकू येतो : एकीकडे शिस्त, दुसरीकडे मोकळीक. संहितेत तो असतोच. त्याला दोन प्रौढ माणसांच्या स्वभावांचे रूप मिळते ते या दोन आवाजांमुळे.

ओम पुरी यांच्या बाबतीत मराठी अभ्यासकाला एक अधिक नाते सांगता येते. अंबाल्यात जन्मलेल्या या नटाच्या चित्रपटजीवनाच्या आरंभी १९७६ चा मराठी 'घाशीराम कोतवाल' आहे, आणि घाशीरामाची भूमिका त्यांचीच आहे. मराठी उच्चारांशी झटत ज्या कंठाने कामाला आरंभ केला, त्याच कंठाने चाळीस वर्षांनी सातपुड्यातल्या काळ्या बिबट्याला हिंदी दिली. या दोन टोकांमध्ये त्या आवाजाचे काय झाले, त्यात काय साठले, याचा अभ्यास ही त्यांना वाहिलेली खरी श्रद्धांजली ठरेल.

या भूमिकेवर एक आक्षेप संभवतो. सचेतनपटातील आवाज हा बाजारपेठेच्या गरजेतून निर्माण होतो, नामवंत नट घेण्यामागे जाहिरातीचा हिशेब असतो, मग त्याला एवढे महत्त्व का द्यावे? हिशेब असतो, हे मान्यच आहे. किंबहुना नामवंतांच्या निधनाची निदान बातमी तरी होते. वर्षानुवर्षे बंद खोलीत मायक्रोफोनपुढे उभे राहणाऱ्या अनामिकांची तीही होत नाही. परंतु आक्षेपकांनी हेही ध्यानात घ्यावे की भाषेतील राग, आर्जव, थट्टा, धाक यांचे नमुने मूल आज फार मोठ्या प्रमाणावर या आवाजांतून ऐकते. मराठी मुलाच्या कानावर ते नमुने कोणत्या भाषेत आणि कोणत्या प्रतीचे पडतात, हा भाषेच्या अभ्यासकाला टाळता येण्याजोगा प्रश्न नाही.

माझ्या विद्यार्थ्याला मी तेव्हा लगेच उत्तर देऊ शकलो नाही. आता असे म्हणेन की, भालू तसाच आहे, पण तो आता नवे काही बोलणार नाही. बोललाच तर दुसऱ्या कोणाच्या आवाजात बोलेल, आणि तो फरक तुझ्या कानाला कळेल. तो फरक कळणे हाच तुझा शोक आहे. त्याला शब्द देणे हे आपल्या दोघांचे काम आहे. पुढच्या सत्रात आम्ही वर्गात चित्र न पाहता तो ध्वनिमार्ग ऐकणार आहोत.