‘मुक्तामाले’चा ठरलेला शेवट

लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या ‘मुक्तामाला’ (१८६१) या अद्भुतरम्य कादंबरीचा शेवट आरंभीच उमगतो. शुक्लाक्षाने कितीही कपटे रचली, तरी मुक्तामाला आणि तिचा पती धनशंकर पुन्हा भेटणारच! जिवावरची संकटे येतात नि टळतात. दुष्ट तो निव्वळ दुष्ट, सुशील ती निव्वळ सुशील. १८७२ साली काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी आपल्या निबंधात अशा कादंबऱ्यांवर टीका केली. त्याआधीच, १८७१ मध्ये, आपल्या जांबोटीचे रामचंद्र भिकाजी गुंजीकर ‘मोचनगड’ लिहून इतिहासाकडे वळले होते.

आक्षेप रास्त आहेत. तरीही ही कादंबरी आम्हांस रंजवते. सीता परत येणार हे ठाऊक असूनही कीर्तनातला श्रोता उठून जात नाही. ‘काय होणार’ ही चिंता मिटली, की ‘कसे होणार’ हे कुतूहल जागते.

बेळगाव-निपाणीकडील आपल्या कित्येक घरांतील मुले आज कानडी वा इंग्रजी शाळेत शिकतात. त्यांच्या हाती प्रथम थोर ग्रंथच द्यावा, हा आग्रह आम्हांस घातक वाटतो. पुढचे पान उलटायला लावणारे मराठी पुस्तक हलकेफुलके असले तरी चालेल. ती ओढच नसेल, तर ‘मोचनगडा’पर्यंत पोहोचणार कोण?