संगणकाची चाळणी, माशीचा कौल

कपाशीच्या शेतात लावलेले कामगंध सापळे आपल्या विद्यार्थ्यांनी पाहिले असतील. वासाने कीटकाचे वागणे बदलणाऱ्या रसायनांचा हा परिचित उपयोग. असे पहिले कामगंध रसायन, रेशीमपतंगाच्या मादीचे बॉम्बिकॉल, बुटेनांट यांनी १९५९ मध्ये ओळखले. त्यासाठी सुमारे ५ लाख पतंग आणि जवळजवळ २० वर्षे खर्ची पडली.

हा खटाटोप संगणक वाचवील काय? 'नेचर'मधील २०१३ चा एक लेख या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेतील आनंदशंकर रे व सहकाऱ्यांनी 'डीट'सारख्या कीटकांना दूर ठेवणाऱ्या रेणूंच्या रचनेत समान काय आहे, हे संगणकाकरवी शोधले आणि ४ लाखांहून अधिक संयुगे त्या चाळणीतून काढली. निवडलेल्यांपैकी अँथ्रानिलेट गटातील काही संयुगांपासून फळमाश्या खरोखरच दूर राहिल्या.

लेखाचा दुसरा दावा मात्र टिकला नाही. डीटचा वास 'आयआर४०ए' हे ग्राही प्रथिन ओळखते, असे त्यात म्हटले होते. ते प्रथिन असलेल्या चेतापेशी डीटला प्रतिसाद देत नाहीत, असे इतर संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले आणि त्याच वर्षी लेख मागे घेण्यात आला. या प्रथिनाचा संबंध हवेचा कोरडेपणा जाणण्याशी आहे, असे पुढे आले.

मग चाळणीही खोटी ठरली का? आम्हांला तसे वाटत नाही. ती रेणूंच्या साम्यावर चालली होती. ग्राही कोणता, हे तिला ठाऊक असण्याची गरज नव्हती. पिकत्या फळांत अंडी घालणाऱ्या 'ड्रॉसोफिला सुझुकी' माशीचा ब्लूबेरीवरील उपद्रव ब्यूटिल अँथ्रानिलेटने कमी होतो, असे २०१५ मध्ये दिसले. मात्र हे प्रयोगही रे यांच्याच प्रयोगशाळेतले, हे विसरू नये.

पद्धतीची खरी उणीव आम्हांला वेगळीच दिसते. साम्य शोधणारी चाळणी ओळखीच्या रेणूंचे भाऊबंदच हाती देते. अगदी वेगळ्या घडणीचे रसायन तिच्यातून निसटू शकते. शिवाय माशी का पळते, हे ती सांगत नाही.

वर्गात हे उदाहरण सांगताना यश आणि माघार दोन्ही सांगावीत. संगणक उमेदवार निवडतो. कौल माशीच देते, आणि तोही पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो.