ज्वालामुखीचं मॉडेल म्हणजे प्रयोग नव्हे

हायस्कूलच्या विज्ञान प्रदर्शनात ज्वालामुखी हमखास असतो. खाण्याचा सोडा, व्हिनेगर, लाल रंग आणि फेस. मुलांना मजा येते, पण याला प्रयोग म्हणावं का? मला तरी नाही वाटत. फेस येणार हे आधीच ठरलेलं. अंदाज चुकायला जागाच नाही.

याउलट अरविंद गुप्तांची काड्यांची मॉडेल्स बघा. १९७८ मध्ये टेल्कोतून रजा घेऊन ते होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले, तिथून या कामाला सुरुवात झाली. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी काड्या जोडायच्या. चौकोन दाबला की तिरका होतो, त्रिकोण होत नाही. लोखंडी पुलात त्रिकोण का असतात, हे नववीच्या मुलांना बोटांनी कळतं.

पण इथेच थांबलं तर तेही मॉडेलच राहतं. गुप्तांच्या व्हिडिओंत 'कसं बनवायचं' हे छान दिसतं. पुढे काय मोजायचं ते बऱ्याचदा आपल्यावर सोडलेलं असतं, आणि वर्गात नेमकं तेच गळतं. म्हणून दोन छोटे पूल करा: एक नुसत्या चौकोनांचा, दुसऱ्यात तिरक्या काड्या. लांबी सारखीच. मधोमध कागदी कप टांगून नाणी टाकत जा. आधी अंदाज लिहा, तीनदा करा, आकडे जुळले नाहीत तर कारण शोधा.

पीएच.डी.च्या मुलाखतीत 'तुमचा प्रश्न काय?' विचारल्यावर विषयाचं नुसतं वर्णन करायची सवय इथूनच लागते. उद्या कोल्हापुरातल्या एखाद्या शाळेत परीक्षक म्हणून गेलात, तर मुलांना एवढंच विचारा: काय दिसलं असतं, तर तुझा अंदाज चुकला असता?