बदकाच्या चरबीची वाइन

मादिराँचा पहिला घोट सहसा कुणाला आवडत नाही. रंग जवळजवळ काळा. वासात पिकलेली काळी फळं, थोडं कातडं, किंचित मसाला; इथवर सगळं लोभस. मग घोट तोंडात जातो आणि मूठभर टपोरी जांभळं खाल्ल्यावर होतं तसं होतं: जीभ जड, हिरड्या कोरड्या, गाल आतून आवळलेले. पुष्कळ जण इथेच ग्लास बाजूला ठेवतात. मला वाटतं, त्यांनी वाइनला नाही, समोरच्या रिकाम्या ताटाला दोष द्यावा.

हा तुरटपणा तन्नात या जाड सालीच्या द्राक्षाचा. नैर्ऋत्य फ्रान्समध्ये, आदूर नदीच्या परिसरात, पिरेनीज पर्वताच्या उत्तरेकडच्या टेकड्यांवर त्याचे मळे आहेत. मादिराँ हे गाव लहानसंच, पण त्याच्या नावाची वाइन तीन जिल्ह्यांत होते. १९४८ साली त्या नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं. तन्नातमध्ये टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारा घटक, इतका, की त्याला माणसाळवण्यासाठी काबर्ने फ्राँसारखी द्राक्षं मिसळायची आणि वाइन वर्षानुवर्षं मुरू द्यायची, ही इथली जुनी रीत.

आलाँ ब्र्युमाँ यांनी शातो माँत्यूमध्ये १९८५ च्या पिकापासून निव्वळ तन्नातची वाइन केली, नव्या ओकच्या पिंपांत मुरवून, आणि मादिराँचं नाव दूरवर गेलं. पुढे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला याच भागातल्या पात्रिक द्युकुर्नो यांनी वाइनमध्ये ऑक्सिजनचे अगदी बारीक बुडबुडे सोडून टॅनिन मवाळ करण्याची पद्धत काढली. ती जगभर पसरली. तिचा उपयोग मान्य, पण हल्लीच्या काही बाटल्या इतक्या गुळगुळीत लागतात की त्यांच्यासोबत जेवणाची गरजच उरत नाही. मग ती मादिराँ कशाला प्यायची?

तो तुरटपणा हवाच, कारण या मुलखाचं स्वयंपाकघर बदकाच्या आणि हंसाच्या चरबीवर चालतं. कॉन्फीचंच घ्या. बदकाच्या तंगड्या मीठ चोळून रात्रभर ठेवायच्या, मग बदकाच्याच चरबीत मंद आचेवर तासन् तास शिजू द्यायच्या आणि त्याच चरबीत बुडवून साठवायच्या. खायच्या वेळी कातडी कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या. पहिला घास अप्रतिम लागतो, तिसऱ्या-चौथ्या घासाला मात्र तोंडात चरबीचा थर बसतो आणि चव बोथटते. आता मादिराँचा घोट घ्या. एरवी टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. इथे त्याला धरायला मांस आणि चरबी मिळते. थर निघून जातो, खारट मांस पुन्हा पहिल्या घासासारखं लागतं. आणि मघाची ती राकट वाइन? तिच्यातलं फळ आता कुठे वर येतं: काळी चेरी, मनुका, मागाहून हलकासा कडवटपणा. घास घोटाला सैल करतो, घोट घासाला धार लावतो, आणि हे पानावरचं संपेपर्यंत चालतं.

माग्रे, म्हणजे बदकाच्या छातीचं मांस, आतून गुलाबी ठेवून भाजायची चाल ओशमधले शेफ आंद्रे दागँ यांनी १९५९ च्या सुमारास रुळवली. त्याच्याबरोबर तरुण मादिराँही चालते, कारण कमी शिजलेलं रसदार मांस तुरटपणा सहज पेलतं. पांढऱ्या घेवड्याचं, सॉसेज आणि मांस घातलेलं कासुले मात्र जुनी, मुरलेली बाटली मागतं. मेंढीच्या दुधाचं ओसो-इराती चीज काळ्या चेरीच्या मुरंब्याबरोबर खातात. वाइनमधल्या फळाला तिथे जोडीदार भेटतो. मासळीच्या वाटेला हिला नेऊ नये, तोंडात धातूची चव येते.

आणि गार्ब्यूर, म्हणजे कोबी, घेवडा, बटाटे आणि कॉन्फीचा तुकडा घालून रटरटवलेलं दाट सूप. ते संपत आलं की तळाच्या कोमट रश्श्यात लाल वाइन ओतायची, भांडं दोन्ही हातांनी उचलायचं आणि तोंडाला लावायचं. याला शाब्रो म्हणतात. शहरी जेवणावळीत कदाचित कुणी भुवया उंचावेल, पण रश्श्यावर तरंगणारी चरबी आणि तुरट वाइन एकाच घोटात आणणारी याहून सोपी युक्ती मला ठाऊक नाही. त्यासाठी नव्या ओकची महागडी बाटली फोडू नये. रोजची साधी मादिराँच तिथे जास्त शोभते.